वालचंद हिराचंद आणि आमच्या पद्मिनीचा फ्युएल पंप

आजचा लेख फोनबद्दल नाही, ॲपबद्दलही नाही. पन्नास वर्षं जुन्या गाडीतल्या मुठीएवढ्या पंपाबद्दल आहे, आणि ती गाडी भारतात बनावी म्हणून ज्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं घातली त्या माणसाबद्दल आहे. जरा लांबलाय. सवडीने वाचा.

मे महिन्यात पोयनाडहून अलिबागकडे येताना कार्लेखिंडीच्या चढावर आमची गाडी बंद पडली. गाडी म्हणजे आजोबांची प्रीमियर पद्मिनी, १९७४ चं मॉडेल. मागच्या सीटवर आजी, तिच्या बाजूला बहिणीने दिलेली आंब्यांची पिशवी, पुढे मी घामाघूम, आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग. इंजिनने दोन-तीन आचके दिले आणि गप्प झालं. स्टार्टर फिरत होता, प्लगला ठिणगी होती. पेट्रोलच वर येत नव्हतं.

आजीने पाण्याची बाटली पुढे केली. मला प्यायला नाही, फडका भिजवून पंपावर टाकायला. आजोबा उन्हाळ्यात असंच करायचे, असं तिचं म्हणणं. टाकला. दहा-पंधरा मिनिटं थांबलो आणि गाडी चक्क सुरू झाली. चौलला घरी पोचलो तेव्हा काका ओटीवर बसले होते. त्यांनी निकालच देऊन टाकला: गणपतीपर्यंत गाडी धड चालली नाही तर भंगारवाल्याला फोन. अंगण अडतंय, खाऱ्या हवेने दरवाजे गंजतायत, आणि मी मुंबईहून महिन्यातून दोनदाच येतो. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

एसी पंप, पण थंड हवेचा नाही

गॅरेजमध्ये या पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. एअर कंडिशनरशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या एसी या कंपनीचे असे पंप जगभर गेले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. झेरॉक्ससारखं. एसी म्हणजे अल्बर्ट चॅम्पियन, त्या कंपनीच्या संस्थापकाची आद्याक्षरं.

काम कसं चालतं? पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा खाली, त्यामुळे पेट्रोल आपोआप येत नाही, ओढावं लागतं. इंजिनमध्ये कॅमशाफ्ट फिरतो. त्याच्यावर एक मुद्दाम तिरका बसवलेला गोल उंचवटा असतो, तो प्रत्येक फेऱ्याला पंपाचा लिव्हर ढकलतो. लिव्हर आतला पडदा खाली खेचतो. हा पडदा म्हणजे डायफ्राम, रबर चढवलेलं कापड. पडदा खाली गेला की वर पोकळी तयार होते, आत येणारा व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल आत. लिव्हर सुटला की पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे. गावातला हातपंप आठवा, तत्त्व तेच.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कॅम फक्त पडदा खाली खेचतो, वर ढकलायचं काम स्प्रिंगचं. कार्ब्युरेटर भरला, त्याची सुई बंद झाली, की पेट्रोलला जायला जागा नाही. मग पडदा खालीच राहतो आणि लिव्हर नुसता हलत राहतो. कार्ब्युरेटर रिकामा होऊ लागला की पंप पुन्हा चालू. सेन्सर नाही, चिप नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला बॅकप्रेशर म्हणतात आणि ते नीट लिहायला आम्हाला आठवडे लागतात. इथे एका स्प्रिंगने ते केलंय.

मग चढावर काय झालं? मे महिना, इंजिन तापलेलं, पंप इंजिनलाच चिकटलेला. नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली, आणि वाफ ओढणं या पंपाला जमत नाही. ओल्या फडक्याने पंप थंड होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. म्हणून तर जुन्या टॅक्सीवाल्यांच्या बॉनेटखाली फडका दिसायचा. पण पंप धडधाकट असेल तर सहसा एवढी वेळ येत नाही. आमच्या पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकलेलं दिसलं. ते भोक त्यासाठीच असतं. तिथून पेट्रोल आलं तर पडदा फाटलाय असं समजायचं.

गावातल्या मिस्त्रींनी इलेक्ट्रिक पंप टाकायचा सोपा सल्ला दिला. दोन कारणांनी मी नाही म्हटलं. एक, आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांचे पंप ३ बार किंवा त्याहून जास्त दाब देतात, आणि अशा कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार पुरतो. चुकीचा पंप लावला तर सुई दाबाला टिकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. शिवाय मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला सेफ्टी स्विच नसेल तर अपघातानंतरही तो पेट्रोल फेकत राहतो. दुसरं कारण कागदोपत्री: २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. आमची नुकतीच त्या वयात आलीय. म्हटलं, जे मूळचं आहे तेच दुरुस्त करू.

पंप सोडवून धुतला तेव्हा कडेला झिजलेली अक्षरं दिसली, भारतात बनल्याची. बोट फिरवल्यावरच कळतील इतकी पुसट. तिथून मी कार कोणी बनवली हे शोधायला लागलो आणि रात्रीचे दोन वाजले.

सोलापूरचा कंत्राटदार

वालचंद हे नाव तुम्ही बहुतेक ॲडमिशनच्या यादीत वाचलं असेल. सांगलीचं वालचंद, सोलापूरचं वालचंद. मीसुद्धा कॅप राउंडला ते नाव भरलं होतं आणि हा माणूस कोण हे विचारलं नव्हतं. रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर त्याही त्यांच्याच घरच्या.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. गुजराती दिगंबर जैन कुटुंब, घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. जन्मानंतर थोड्याच काळात आई गेली. मुंबईला आणि पुण्याला कॉलेजात गेले, पण शिक्षण अर्धवट सोडून घरच्या धंद्यात आले, आणि तो त्यांना फारसा मानवला नाही. मग लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीचं काम बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळांचं. सावकाराच्या मुलाने मातीत उतरून भराव घालायचा, हे तेव्हा घरच्यांना कसं वाटलं असेल याची कल्पना करा.

कंत्राटं वाढत गेली. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनचं काम त्यात होतं. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम होतं, म्हणजे आमच्या रायगड जिल्ह्याच्याच अंगणात, तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोगद्यात फोनची रेंज जाते ना, तेव्हा हे नाव आठवा. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली, ती एचसीसी या नावाने आजही मोठी कामं करते.

इथेच थांबले असते तरी श्रीमंत म्हणून मेले असते.

जुनं जहाज

१९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांबरोबर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. पहिलं जहाज ‘लॉयल्टी’. आणि हे माझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्याला फार जवळचं वाटतं: ते जहाज नवं नव्हतं. १८९१ साली बांधलेलं, आधी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाने पॅसिफिक महासागर ओलांडणारं. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल केलं होतं. युद्ध संपल्यावर ते वालचंद आणि मंडळींनी विकत घेतलं, कंपनीचं नाव शिंद्यांवरून सिंधिया ठेवलं. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद स्वतः जहाजावर होते. भारतात ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे.

प्रवास झाला, पण धंदा म्हणून ते जहाज फसलं. परतीला माल मिळवणं अवघड गेलं, खर्च निघेना, आणि १९२३ मध्ये ते मोडीत निघालं. समोर ब्रिटिश इंडिया ही बलाढ्य कंपनी होती, लॉर्ड इंचकेप तिचे प्रमुख. तिने भाडी पाडली, इतकी की नव्या कंपनीला तोटाच व्हावा. आज एखादी कंपनी फुकट डेटा देऊन बाकीच्यांना बाजाराबाहेर काढते, तसंच. सिंधिया विकत घ्यायचीही तयारी दाखवली गेली, भागीदारांनी ती नाकारली. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, त्यात सिंधियाने किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरतं राहायचं होतं. वालचंदांना तो करार आवडला नव्हता, पण कंपनी जिवंत राहिली. १९२९ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले. पुढे कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंधियाकडे आली. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ज्या आगबोटी येतात, त्यातल्या काही अशा.

मध्ये उसाची शेती आणि साखर. रावळगाव नाशिक जिल्ह्यात, आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कळंबला जो कारखाना निघाला त्याच्याभोवती वालचंदनगर वसलं. तिथल्या कंपनीने पुढे इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनवली. साखरेचा मुद्दा लक्षात ठेवा, पंपाशी त्याचा संबंध शेवटी येणार आहे.

विमान, जहाज, मोटार: तिन्ही एकदम

१९३९ ते १९४१ या काळातला त्यांचा उद्योग बघून मला खरंच दमायला झालं. वय पंचावन्नच्या पुढे. १९३९ च्या अमेरिका प्रवासात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन विमान उद्योजकाशी गाठ पडली. त्यातून म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आजच्या एचएएलचं, तेजस बनवणाऱ्या कंपनीचं, मूळ तिथे आहे. १९४२ मध्ये, जपान दाराशी आलेला असताना, सरकारने ती आपल्याकडे घेतली.

विशाखापट्टणमला जहाजाच्या कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तिथे बांधलेलं पहिलं मोठं जहाज, ‘जल उषा’, १४ मार्च १९४८ ला नेहरूंनी पाण्यात सोडलं. १९५२ मध्ये त्या कारखान्याचाही मोठा हिस्सा सरकारकडे गेला, तो आता हिंदुस्तान शिपयार्ड.

आणि मोटार. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटार कारखाना काढायची योजना तयार केली होती, ती वालचंदांनी उचलली. त्या वेळी भारतात मोटारी नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा तर १९२८ पासून मुंबईतच शिवडीला कारखाना होता. पण तिथे बाहेरून पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. वालचंदांना भाग इथे बनवायचे होते. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. मुंबईच्या काँग्रेस सरकारने पाठिंबा दिला होता, पण ते १९३९ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडलं. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारचं उत्तर असं की मोटारींचा कारखाना युद्धाच्या गरजेत बसत नाही. महायुद्ध चाललेलं, ट्रक हवे होते, आणि तरीही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी व्हायला १९४४ उजाडलं. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्येच निघाली होती. १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवातीला तेही जोडकामच होतं, हे कबूल केलं पाहिजे. मोटार एका दिवसात बनत नाही. आधी सोपे भाग, मग अवघड भाग, मग इंजिन, असं करत जावं लागतं, आणि प्रत्येक भागामागे ओतकाम, पत्रा, रबर, स्प्रिंग बनवणारे छोटे कारखाने लागतात. माझ्या हातातल्या पंपाचाच विचार करा: ओतलेली बॉडी, दोन व्हॉल्व्ह, स्प्रिंग, लिव्हर, त्याची पिन, पडदा. यातला पडदा परदेशातून आणावा लागला तर बाकी सगळं इथलं असून गाडी उभीच.

१९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली. १९५१ च्या सुमारास प्रीमियरचा इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. पण तोवर वालचंदांची तब्येत ढासळली होती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, वर्षभरात ते कामातून बाजूला झाले, आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे भाग इथे बनवायचा कार्यक्रम आहे अशांनीच या देशात गाड्या काढाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्डने जोडकामाचे कारखाने बंद केले. ज्या धोरणासाठी ते पंधरा वर्षं भांडले ते आलं, आणि ते बघायला वालचंद नव्हते.

आता दुसरी बाजू. स्पर्धा गेली, परवाना मिळाला, आणि पुढची तीस वर्षं हीच एक गाडी थोडी नावं बदलत विकली गेली: फियाट ११००, डिलाइट, प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. माझ्या आजोबांनीसुद्धा सेकंडहँडच घेतली, कारण नव्यासाठी थांबणं परवडत नव्हतं. वालचंदांना अशी झोपलेली कंपनी हवी होती असं मला वाटत नाही, पण कुंपण मागणाऱ्यांत तेही होते. त्यांच्यावर तेव्हाही टीका व्हायची की हा माणूस सतत सरकारकडे काहीतरी मागत असतो. पूर्ण खोटी म्हणता येणार नाही.

कुर्ला, उसाचा रस आणि पडदा

पंपाचं किट आणायला मी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडच्या जुन्या पार्टांच्या बाजारात गेलो. तिथून प्रीमियरच्या कारखान्याची जागा फार लांब नाही. तिथे आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दुकानदाराने किट काढून दिलं. घरी बोटीत उघडून बघितलं तर पडद्याची भोकं जुळेनात. पुढच्या शनिवारी परत गेलो, या वेळी जुना पडदा खिशात घालून. तुम्हीही तसंच करा.

जुना पडदा नुसता फाटला नव्हता. तो फुगून मऊ झाला होता आणि कडेला तडे गेले होते. आता साखरेकडे या. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्याकडे त्याचा काही भाग उसापासून येतो. १९७० च्या दशकातलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि चौलच्या हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी दोन-दोन आठवडे उभी राहिली की पंपाच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. वालचंदांनी ऊस लावला आणि मोटारही काढली. कित्येक दशकांनी एकाचा अर्क दुसऱ्याचा पडदा खातोय. (इथेनॉल वाईट असं मला म्हणायचं नाही. जुनी गाडी असेल तर रबर बदला, एवढंच.) मी फ्लुओरोइलास्टोमर रबराचा, बाजारात व्हायटॉन या नावाने ओळखला जाणारा, पडदा मागितला. जास्त पैसे पडले.

करणार असाल तर उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, आणि सिगारेटवाल्या काकांना लांब बसवा. पंप उघडायच्या आधी वरच्या आणि खालच्या भागावर एक सरळ ओरखडा मारून ठेवा, नाहीतर परत जोडताना नळ्यांची तोंडं भलत्याच दिशेला येतात. व्हॉल्व्ह कुठला कसा होता त्याचे फोटो काढा. दोन्ही भाग जिथे मिळतात तो काठ वाकलेला असतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर काठ गोल-गोल घासला की सपाट होतो.

माझी चूक पुढे झाली. पडदा बसवला, सगळे स्क्रू घट्ट आवळले, खूश झालो. लिव्हर दाबून बघितला तर अर्ध्यावर अडतोय. मिस्त्रींनी नुसतं बघितलं आणि हसले. स्क्रू आवळताना लिव्हर पूर्ण दाबून धरायचा असतो, म्हणजे पडदा सगळ्यात खाली असताना त्याला ढील राहते. तसाच ताणून बसवला तर पंप कमी पेट्रोल देतो आणि पडदा काही दिवसांत फाटतो. परत उघडलं. या वेळी लिव्हर त्यांनी दाबला, मी समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले.

चाचणी गाडीवर चढवायच्या आधी. आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून लिव्हर दोनदा हलवला: बोट ओढलं गेलं आणि काही सेकंद तसंच धरून राहिलं. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. मग बाहेरचं तोंड बंद करून पंप रॉकेलच्या भांड्यात बुडवला आणि लिव्हर दाबला. काठावरून बुडबुडे आले तर गळती. एका कोपऱ्यातून आले, तो स्क्रू अजून पाव फेरा, मग बंद. गाडीवर बसवताना इंजिन आणि पंपाच्या मधला जाड काळा स्पेसर विसरू नका. तो इंजिनची उष्णता अडवतो, आणि कॅम लिव्हरला किती ढकलणार हेही त्याच्या जाडीवर ठरतं. तो पातळ केला तर उंचवटा लिव्हर मोडू शकतो.

शेवटी कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत टी जोडून साधा प्रेशर गेज लावला. इंजिन रिकामं फिरत असताना काटा ०.२५ बारच्या आसपास. टायरमध्ये आपण २ बार हवा भरतो, त्याच्या आठवा भाग. इंजिन बंद केल्यावर काटा लगेच पडला नाही, हळूहळू उतरला. काकांनी चष्मा लावून काटा स्वतः बघितला. बोलले काही नाहीत.

रविवारी सकाळी आजीला घेऊन पोयनाडला गेलो. परत येताना भर दुपारी, मुद्दाम. कार्लेखिंडीत एक ट्रक पुढे रांगत होता, दुसऱ्या गिअरमध्ये त्याच्यामागे चढलो. आजीने भिजवलेला फडका मांडीवर तयार ठेवला होता. तो तसाच वाळला.

फाटलेल्या पडद्याचा एक धोका अजून बाकी आहे: पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. आमचं आधी किती उतरलं होतं कोण जाणे, म्हणून ऑइल बदललं. गणपतीला अजून तीन आठवडे आहेत. मी मुंबईत असलो की काका रोज सकाळी डिपस्टिक काढून वास घेतात आणि मला फोटो पाठवतात. वासाचा फोटो कसा दिसतो ते विचारू नका. आत्तापर्यंत पातळी खुणेवरच आहे.